राणीछाप रुपयाची ग्रेड कशी ठरते?

चांदीनं किलोमागे लाखाचा टप्पा ओलांडल्यापासून घरोघरचे जुने डबे, ट्रंका उघडल्या जाऊ लागल्या आहेत. तळाशी चार-दोन राणीछाप किंवा राजाछाप रुपये निघतात आणि लगेच दोन टोकाचे सल्ले कानावर येतात. सराफ म्हणतो, ‘वजनावर घेऊ.’ मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणतो, ‘हे नाणं दहा लाखांना जातं.’ बहुतेक नाण्यांच्या बाबतीत खरी गोष्ट सराफाच्या बोलण्याच्या बरीच जवळ असते. पण काही नाणी वजनावर घालवणं म्हणजे शुद्ध नुकसान, आणि ती कोणती हे कळायला ग्रेड कळावी लागते.

नाणं टांकसाळीतून बाहेर पडलं तेव्हा जसं होतं, त्यातलं आज किती शिल्लक आहे याचं मोजमाप म्हणजे ग्रेड. ती वयावर ठरत नाही, दुर्मिळतेवर ठरत नाही, आणि लोकांचा सगळ्यात जास्त घोळ जिथे होतो, त्या चकाकीवर तर मुळीच ठरत नाही.

आधी हातात काय आहे ते ओळखा

ब्रिटिश काळातल्या एकसारख्या रुपयाची सुरुवात १८३५ पासून झाली. वजन एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन, आजच्या हिशेबात ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे शंभरात ९१.७. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. राज्यकर्ते बदलले, चेहरे बदलले, पण हे माप १९३९ पर्यंत टिकलं. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. १९४७ च्या रुपयात तर चांदीच नाही, तो निकेलचा.

आता व्हिक्टोरिया. १८४० तारखेचे रुपये ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे आणि ‘व्हिक्टोरिया क्वीन’ असे. १८६२ पासून कंपनीचं नाव गेलं. १८७७ पासून ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं, ते १९०१ पर्यंत. पुढे १९०३ ते १९१० सातवा एडवर्ड, आणि १९११ पासून पाचवा जॉर्ज. एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, जॉर्जच्या आहे. त्यामुळे तारीख पुसट असली तरी राजा ओळखू येतो.

एक गंमत लक्षात ठेवा. १८६२ हे आकडे असलेले रुपये पुढे १८७४ पर्यंत त्याच तारखेनं पाडले जात होते. म्हणूनच १८६२ चा रुपया इतका सापडतो. तारखेच्या आसपास जे बारीक ठिपके दिसतात, ते मुंबई टांकसाळीनं खरं वर्ष नोंदवायला टाकले असं संग्राहक मानतात आणि ते ठिपके मोजून नाणी वेगळी करतात. ठिपका झिजून गेला की ही ओळखच पुसली जाते. ग्रेडचा पहिला फायदा इथेच दिसतो: नाणं नेमकं कुठलं, हे चांगल्या अवस्थेतल्या नाण्यावरच सांगता येतं. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला अगदी तळाशी कमळ आहे. त्याच्या खाली उठावदार ठिपका असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कलकत्त्याचं.

खोटं असेल तर ग्रेड कसली?

व्हिक्टोरियाच्या नकली रुपयांचा बाजारात सुळसुळाट आहे. चुंबक लावून बघण्याचा उपाय सगळे सांगतात, पण त्यानं फक्त लोखंडी नकल पकडली जाते. जर्मन सिल्व्हरची, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाची नकल चुंबकाला सहज चकवते. त्यापेक्षा पाण्यातलं वजन करावं.

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. आधी नाणं कोरडं तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं कोरड्या वजनाला भागा. खऱ्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं: ११.६६ ग्रॅमचं नाणं पाण्यात १.१३ दाखवतं. जर्मन सिल्व्हरचं उत्तर नऊच्या खाली राहतं. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं साडेनऊच्या आसपास येतं, तेव्हा त्याला उगाच खोटं ठरवू नका. दोऱ्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा चुकतो. नाणं एकदा हलवून बुडबुडे झाडा. नंतर मऊ सुती कापडानं टिपून घ्या, पुसू नका.

कडही बघा. खऱ्या नाण्याच्या कडेच्या खाचा सरळ, एकसारख्या आणि धारदार असतात. ओतीव नकलेत त्या बुजलेल्या असतात, कधी कडेभोवती जोडाची बारीक रेघ दिसते, आणि भिंगाखाली मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात.

आणि १८१८ साल, एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, असं काही हाती लागलं तर पुढचं वाचायची गरज नाही. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलंच नाही. ते देवस्थानाबाहेर मिळणारे शिक्के आहेत.

झीज शोधायची कुठे?

नाणं हाताळलं जातं तेव्हा सगळ्यात आधी घासला जातो तो सगळ्यात उंच भाग. म्हणून पूर्ण नाणं एका नजरेत बघायचं नाही. ठराविक चार-पाच जागा बघायच्या. पाच ते दहा पटीचं भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगाखाली प्रत्येक नाणं भयंकर दिसतं.

व्हिक्टोरियाच्या रुपयावर या जागा अशा: कानाच्या वरचे केस, गाल, मुकुटाच्या पट्टीवरची रत्नं आणि छातीवरच्या झग्याची नक्षी. यांतले केस सर्वांत बोलके. टांकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्यावर कानावरची प्रत्येक बट वेगळी दिसते, दोन बटांमधली खोल रेघ दिसते. थोडं वापरल्यावर बटांचे माथे सपाट होतात, पण रेघा राहतात. आणखी वापरल्यावर रेघा बुजतात आणि केसांचा एकच गुळगुळीत गोळा होतो. झग्याच्या नक्षीकडेही लक्ष द्या. तिच्या बारकाव्यांवरून संग्राहक राणीच्या छातीपर्यंतच्या प्रतिमेचे (बस्टचे) ‘ए बस्ट’, ‘बी बस्ट’ असे प्रकार करतात आणि एकाच वर्षाच्या दोन प्रकारांच्या किमतीत मोठा फरक पडू शकतो. नक्षी झिजली असेल तर हा वाद सोडवायला काही उरत नाही.

एडवर्डच्या बाबतीत भुवई, गालाचं हाड, मिशी-दाढी आणि कानावरचे केस. जॉर्जच्या बाबतीत मुकुटाच्या कमानीवरचे मोती, भुवई, दाढी आणि अंगावरच्या साखळीतला छोटा हत्ती. या हत्तीची कथा प्रसिद्धच आहे. १९११ च्या साच्यात त्याची सोंड अशी उमटली की लोकांना तो डुकरासारखा वाटला, ओरड झाली आणि १९१२ पासून सुधारलेला हत्ती आला. म्हणून १९११ चा रुपया इतर वर्षांपेक्षा जास्त मागितला जातो. पण तोही घासून गुळगुळीत झाला असेल, हत्ती आणि डुक्कर यांतला फरकच दिसत नसेल, तर गिऱ्हाईक हात आखडता घेणारच.

प्रकाश फिरवून बघायची गोष्ट: लस्टर

साचा चांदीवर प्रचंड जोरानं आदळतो तेव्हा धातू मध्यातून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक रेघा उमटतात. या रेघांवर प्रकाश पडून जे तेज दिसतं त्याला लस्टर म्हणतात. पैठणीचा धूपछाँव पदर हलवला की रंग जसा कापडावरून फिरत जातो, तसा लस्टर असलेलं नाणं तिरकं करून फिरवलं की उजेडाचा पट्टा त्यावरून गोल फिरतो. घासून चमकवलेल्या नाण्यावर असं काही फिरत नाही. ते सगळीकडून एकसारखं चकाकतं.

ही तपासणी ट्यूबलाइटखाली करू नका. तिचा पसरलेला उजेड लस्टरही लपवतो आणि ओरखडेही. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकच टेबललॅम्प, उघड्या बल्बचा, हातभर अंतरावर. नाणं कडेनं धरायचं, खाली उशी किंवा जाड टॉवेल. चांदी मऊ असते. फरशीवर एकदा पडलेल्या रुपयाच्या कडेला कायमचा दणका बसतो, आणि त्यानं ग्रेड उतरते.

आकडे कुठून आले?

आज जगभर वापरली जाणारी १ ते ७० ची मोजपट्टी अमेरिकेतली. नाणेसंग्राहक विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. मूळ कल्पना अशी होती की ७० अंकाचं नाणं १ अंकाच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं असावं. बाजारानं ते गणित केव्हाच मोडीत काढलं, आकडे मात्र राहिले आणि पुढे चांदीच्या डॉलरपासून आपल्या रुपयापर्यंत सगळ्यांना लागू झाले.

राणीछाप रुपयाला ते लावायचे तर ढोबळमानानं असे. चेहऱ्याची बाह्यरेषा आणि तारीख वाचता येते, केस सपाट: हे ‘गुड’ ते ‘व्हेरी गुड’, ४ ते १० अंक. घरोघर सापडणारे बरेच रुपये इथलेच. अक्षरं पूर्ण, केसांच्या मोठ्या रेघा ओळखू येतात, झग्याची नक्षी साधारण अर्धी: ‘फाइन’, १२ ते १५. बहुतेक बटा वेगळ्या, फक्त माथे सपाट: ‘व्हेरी फाइन’, २० ते ३५. झीज केवळ अगदी उंच टोकांवर आणि अक्षरांच्या मधल्या आडोशाला लस्टरचा अंश: ‘एक्स्ट्रा फाइन’, ४० ते ४५. त्यापुढे ५० ते ५८ म्हणजे जवळपास न वापरलेलं. गालावर आणि केसांवर तेवढा एक फिकट करडा डाग, बाकी लस्टर शाबूत. ६० पासून पुढे झीज शून्य.

झीज शून्य असेल तर ६० आणि ६५ मध्ये फरक कसला? धक्क्यांचा. टांकसाळीतून निघालेली नाणी थैल्यांत एकमेकांवर आपटतात. अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरवर हे फार ठळक दिसतं: जवळजवळ पावणेसत्तावीस ग्रॅमचं जड नाणं, हजार-हजारांच्या थैल्या, आणि स्वातंत्र्यदेवतेचा मोठा उघडा गाल. तिथे एक खोल खूण असली तरी अंक घसरतो. रुपयाच्या बाबतीतही गाल आणि चेहऱ्यासमोरची मोकळी जागा या जागा कडकपणे तपासल्या जातात. त्याच आकाराची खूण मागच्या बाजूच्या वेलबुट्टीत लपली असेल तर तिच्याकडे बरंच दुर्लक्ष होतं. हा थोडा अन्याय वाटेल, पण ग्रेडिंग हे शेवटी डोळ्यांचं काम आहे. दोन जाणकारांत दोन-तीन अंकांचा फरक पडणं अगदी रोजचं. एखादा विक्रेता छातीठोकपणे ‘चौसष्टच’ म्हणाला तर ‘बासष्ट का नाही?’ असं विचारून बघावं. उत्तरात नाण्यावरची जागा दाखवली तर माणूस जाणकार.

‘पण ठसाच पुसट उमटला असेल तर?’

रास्त शंका. साचा झिजलेला असेल किंवा दाब कमी पडला असेल, तर कोरं नाणंही केसांजवळ सपाट दिसतं. फरक ओळखायचा तो लस्टरवरून. नाणं दिव्याखाली फिरवा. उजेडाचा पट्टा त्या सपाट भागावरूनही न अडखळता गेला, तर ठसाच कमी उमटला आहे. तिथे येऊन पट्टा तुटला आणि जागा मळकट करडी दिसली, तर ती झीज. दुसरी खूण म्हणजे समोरची आणि मागची बाजू सारखी झिजलेली असायला हवी. समोर केस सपाट आणि मागे फुलांच्या पाकळ्या धारदार असतील तर ठशाचा दोष धरावा. अर्थात लस्टर पूर्ण गेलेल्या नाण्यावर हा निवाडा अवघड होतो, आणि तिथे खालची ग्रेड धरलेली बरी.

‘घासून लख्ख केलं, त्यात बिघडलं काय?’

जवळजवळ सगळं. आपल्याकडच्या चांदीच्या रुपयांचा सगळ्यात मोठा शत्रू बाजार नव्हे, लक्ष्मीपूजन. दर दिवाळीला रुपये बाहेर निघतात, चिंच किंवा पितळेची भांडी घासायची पूड लागते, ब्रश फिरतो, पूजा होते आणि हळदीकुंकवासकट पुन्हा डब्यात जातात. पन्नास वर्षं हे चाललेलं असलं की नाण्यावर खिशात फिरून जेवढी झीज झाली नसेल तेवढी देव्हाऱ्यात होते.

पुडीचे कण चांदीपेक्षा कठीण असतात. ते पृष्ठभागावर हजारो समांतर ओरखडे काढतात. त्यांना हेअरलाइन म्हणतात. भिंग न लावताही, दिव्याखाली तिरकं धरलं की मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या बारीक रेघांचं जाळं दिसतं. वापरातल्या नाण्यावरचे ओरखडे सगळ्या दिशांना असतात, घासलेल्या नाण्यावरचे एका दिशेला किंवा गोलगोल. ही सर्वांत भरवशाची खूण. टूथपेस्टनंही हेच होतं.

बेकिंग सोडा, गरम पाणी आणि ॲल्युमिनियमची फॉइल हा उपाय हल्ली फार सांगितला जातो. त्यात घासणं नाही हे खरं. रासायनिक क्रियेनं काळा थर पुन्हा चांदीत बदलतो. पण तो थर पृष्ठभागातल्या चांदीतूनच तयार झालेला होता. परत आलेली चांदी मूळ रेघांच्या आकारात बसत नाही. नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं. सराफाकडच्या ‘डिप’चंही, म्हणजे काळेपणा काढायला रसायनात बुडवण्याचंही तेच: प्रत्येक बुडवणीत पृष्ठभागाचा एक पापुद्रा जातो, आणि दोन-तीन बुडवण्यांनंतर लस्टर संपतो.

घासलेल्या नाण्याला जाणकार अंकच देत नाहीत. ‘तपशील एक्स्ट्रा फाइन, पण साफ केलेलं’ असं लिहितात आणि भाव दोन-तीन पायऱ्या खाली धरतात. गेलेला पृष्ठभाग परत आणायचा उपाय नाही.

मग काहीच करायचं नाही? चिकट तेल, तूप, कुंकवाचा लगदा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या वाटीत दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, दुसऱ्या ताज्या ॲसिटोनमध्ये खळबळून काढा आणि हवेत वाळू द्या. ॲसिटोन चांदीला धक्का लावत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर मात्र चालणार नाही, त्यात तेलं आणि सुगंध घातलेले असतात. खिडक्या उघड्या ठेवा, आणि आसपास गॅस, निरांजन, उदबत्ती काही पेटतं नको.

‘काळं पडलंय, म्हणजे खराब झालंय ना?’

नाही. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन पातळ थर बसतो, त्याला टोनिंग म्हणतात. थर पातळ असताना नाणं पिवळसर, मग तांबूस-जांभळं, निळं आणि शेवटी काळं दिसतं. थर खालच्या लस्टरला झाकत नसेल तर टोनिंगनं ग्रेड कमी होत नाही. उलट एकसंध, रंगीत टोनिंग म्हणजे नाणं निदान अलीकडे तरी कुणी घासलेलं नाही याचा पुरावा, आणि त्याला काही संग्राहक जादा पैसे मोजतात. खराब काय, तर रबरबँडची काळी रेघ, वर्तमानपत्रात गुंडाळल्याचे डाग आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटातून उतरलेला हिरवा चिकटा. हा चिकटा पीव्हीसीचा असतो आणि वेळीच ॲसिटोननं काढला नाही तर चांदी खातो. पुठ्ठ्याच्या चौकोनात मायलरची (एक पारदर्शक, पीव्हीसी नसलेलं प्लास्टिक) खिडकी असलेली पाकिटं नाण्यांच्या दुकानात स्वस्तात मिळतात, ती वापरावीत. पूजेतही नाणं त्या पाकिटासकट मांडता येतं.

कडी लावलेला रुपया

रुपयांची माळ करून घालायची पद्धत आपल्याकडे जुनी. बंजारा स्त्रियांच्या गळ्यात तर ती आजही दिसते. अशा माळेतून सुटलेले रुपये बाजारात पुष्कळ येतात. डाकाची कडी काढून, कड कानसीनं सारखी करून ते नेहमीच्या रुपयांत मिसळलेले असतात. नाणं उभं धरून कड हळूहळू फिरवा. बहुधा मुकुटाच्या नेमकं वर, कडेच्या खाचा एक-दोन मिलिमीटर गायब असतील आणि तिथल्या चांदीचा रंग थोडा वेगळा असेल. असं नाणं चेहऱ्यावर कितीही देखणं असो, त्याला चांदीच्या भावापेक्षा फार मिळत नाही. माळ मात्र अखंड असेल तर तोडू नका. दागिना म्हणून तिची किंमत वेगळी असते.

‘अमेरिकेतल्या मुलाकडे पाठवून ग्रेड करून घेऊ का?’

नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. व्हिक्टोरिया आणि एडवर्डचे सगळे रुपये यात येतात. पाचव्या जॉर्जचे नेहमी सापडणारे रुपयेही आता शंभरी ओलांडून गेले आहेत. बॅगेत टाकून न्यायचा विचारही करू नका.

ग्रेडिंग करणाऱ्या संस्थांनी प्लास्टिकच्या खोक्यात बंद करून वर अंक लिहिलेली नाणी भारतातही विकली जातात. खोकं म्हणजे त्या दिवशी त्या तपासनिसाला काय वाटलं याची नोंद, आणि नकली खोकीही निघाली आहेत. खोक्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून बघायचा, आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी जुळतो का हेही बघायचं. ‘फाइन’ दर्जाच्या साध्या १८६२ च्या रुपयासाठी ही सगळी उठाठेव खर्चात जाते.

मग सराफाला द्यायचं की ठेवायचं?

आधी धातूचा हिशेब. १९३९ पर्यंतच्या पूर्ण वजनाच्या रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. चांदी किलोला एक लाख धरली तर १,०६९ रुपये. त्या दिवशीचा भाव घालून हाच गुणाकार करा. १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम, म्हणजे साधारण निम्मी किंमत. पुष्कळ सराफ हा फरक न करता सगळे एकाच भावात घेतात आणि सरसकट निम्म्याचा भाव लावतात, तेव्हा तारखांप्रमाणे ढीग आधी घरीच वेगळे करून जा.

१८६२ किंवा १९०० नंतरचं नेहमीचं वर्ष, ग्रेड ‘फाइन’च्या खाली, त्यातून घासलेलं असेल तर धातूच्या भावावर फार काही मिळणार नाही. तेच नाणं न घासलेलं, लस्टर असलेलं, पन्नास अंकांच्या वरचं असेल तर सराफाकडे नेऊच नका, नाण्यांच्या व्यापाऱ्याला किंवा लिलावाला दाखवा. १९२१, १९२२ आणि विशेषतः १९३९ ही वर्षं दिसली तर ग्रेड कमी असली तरी थांबा. ती खरोखर कमी सापडतात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही होतात. १९३८ च्या आकड्यातला आठ कोरून नऊ केलेला असू शकतो. तो आकडा भिंगाखाली बाकीच्या तीन आकड्यांशी ताडून बघा: उंची, जाडी, आणि त्याच्या भोवतीची जागा खरवडलेली आहे का.

आणि ‘तुमचं नाणं घेतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ असा फोन आला तर तो कापा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे कर आणि शुल्क मागितले जातात म्हणून बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की ती असल्या व्यवहारात नाही आणि तिनं कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.